एक चौरस मीटर

कॉलेजमागच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाइप कापून आणला,
चार एल्बो बसवले, झाली चौकट.
देवस्थळी सर म्हणाले, डोळे मिटून फेकायची,
पडेल तिथलं मोजायचं,
बाकीचं मोजायचं नाही.

सहा आठवड्यांची इंटर्नशिप, तिवरबंदरच्या खाडीवर,
येऊ घातलेल्या जेटीच्या अल्याडपल्याड.
मी जालन्याची. ओहोटी मला
भूगोलाच्या पेपरापुरती माहीत.
पहिल्याच दिवशी चिखलाने एक चप्पल गिळली.
'घनकचरा' या रकान्यात
मी तिची नोंद केली नाही.

ध्वनिमापक ठेवला शाळेच्या ओट्यावर.
वळणावरचा एसटीचा हॉर्न, दुपारची अजान,
कुणाच्या तरी पाट्यावरचं वाटण
आणि माझं उपाशी पोट:
सगळ्यांची मिळून सरासरी
चोपन्न डेसिबल.

हलीमाबी होडेकर ओहोटीबरोबर येत,
कमरेला टोपली बांधून.
पायाच्या अंगठ्याला तिसरी लागते त्यांच्या,
मग फक्त वाकायचं.
मी चौकटीत बसलेली:
तिसऱ्या सतरा, शंख चार, खेकड्यांची बिळं एकवीस.
त्या कडेशी थांबल्या,
परक्याच्या उंबऱ्याशी थांबावं तशा.
"ह्यात पाय ठेवला तर चालंल काय गो?"
डेटा बिघडेल, मी म्हटलं.
आणि त्या वळसा घालून गेल्या,
चाळीस वर्षं पायाखालच्या चिखलात
माझ्या साडेतीनशे रुपयांच्या पाइपला
वळसा.

सामाजिक-आर्थिक प्रश्नावली निहाल भरत होता.
व्यवसाय?
"काय नाय, घरीच."
त्याने 'गृहिणी'वर खूण केली.
मी त्यांची बोटं बघत होते,
कालवांनी कापलेली, भरलेली,
पुन्हा त्याच जागी कापलेली.

"नखाएवढी मिळाली तर परत टाकायची," त्या सांगत.
"आणि तो काळा चिखल दिसतो ना, तिवरांच्या पोटाशी,
तिथं पिल्लं. पाऊस सरेपर्यंत
तिथं आमच्यातली कोन जात नाय."
रात्री मी नकाशा उघडला.
काळ्या चिखलावर सात ते अकरा नंबरचे खांब.

माझी चौकट तिथे एकदाही पडली नव्हती.
डोळे मिटूनच फेकत होते मी, खरंच,
पण उभं कुठे राहायचं
ते उघड्या डोळ्यांनी ठरवत होते:
जिथे घोट्याच्या वर चिखल नाही तिथे.
चप्पल गेल्यापासून
माझ्या यादृच्छिकतेला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी, साडेपाचच्या ओहोटीला,
हलीमाबींच्या पदराचं टोक मुठीत धरून गेले.
मांडीपर्यंत रुतले. चौकट फेकली.
एकशे साठपर्यंत मोजल्या,
पुढे पाणी आलं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं सगळं, न जाण्याच्या रिवाजासकट.
सरांनी वाचलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला.
"वाक्य फार लांब आहे."
खोडलं मात्र नाही.
परिशिष्ट क, पान दोनशे चौदा, तळटीप:
स्थानिक माहिती, अपुष्ट.
टाइप इतका बारीक
की बिनचष्म्याचे देवस्थळी सरही
तो वाचू शकणार नाहीत.

प्रमाणपत्रावर आलं 'समाधानकारक'.
चौकट हलीमाबींनी मागून घेतली,
तिच्यावर फाटकं जाळं ताणलं,
आता तिच्याखाली कोंबडीची पिल्लं.
घार वर फिरते, आत नऊ जीव.
हे मोजणं मला जमलं.

जनसुनावणीची नोटीस निहालने फोनवर पाठवली:
मंगळवार, सकाळी दहा, तहसील कचेरी.
मला आता भरती-ओहोटीचं कोष्टक वाचता येतं.
काढून बघितलं.
मंगळवारी पाणी पार उतरतं,
महिन्यातलं सगळ्यात खाली,
दहा वाजून पाच मिनिटांनी.